रक्त तपासणी: खुर्चीवर बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं असं

काही वर्षांपूर्वी अम्मींच्या पायाला सूज आली म्हणून डॉक्टरांनी किडनीची तपासणी लिहून दिली. सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन ४.८. घरात कुणीतरी ‘डायलिसिस’ हा शब्द काढला आणि त्या रात्री कुणाच्याच घशाखाली घास उतरला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला, नुसता वरचा भाग वाचला आणि विचारलं, ‘यात वय ४२ लिहिलंय. तुमच्या अम्मी तर सत्तरीच्या आहेत ना?’ नाव तेच, पुढे ‘शेख’ तेच. नवऱ्याचं नाव लिहिलेलंच नव्हतं. पुन्हा रक्त दिलं, क्रिएटिनिन ०.९ आलं. आम्ही अल्लाहचा शुक्र अदा केला.

पण नंतर लक्षात आलं की त्याच सकाळी त्याच नावाची दुसरी एक बाई त्याच खुर्चीवर बसून गेली होती. किडनी तिची खराब होती, आणि आमच्या अम्मींचा चांगला रिपोर्ट घेऊन ‘सब नॉर्मल है’ म्हणत ती घरी गेली होती. आमच्या डॉक्टरांनी लगेच लॅबला फोन केला म्हणून तिला बोलावून घेतलं गेलं. वयाकडे कुणी पाहिलंच नसतं तर?

लॅबमधलं मशीन सहसा चुकत नाही. बहुतेक चुका रक्त मशीनपर्यंत पोहोचायच्या आधीच होतात: नाव लिहिताना, रक्त घेताना, ते बाटलीत भरताना, नेताना. आणि त्यातल्या बऱ्याच चुका रक्त देणाऱ्याला किंवा सोबतच्या माणसाला टाळता येतात. त्यासाठी ही माहिती.

रक्त कुठून आणि कसं घेतात

तपासणीसाठी रक्त बहुधा कोपराच्या आतल्या खळगीतल्या शिरेतून घेतात. तिथली मधली शीर मोठी असते, कातडीच्या जवळ असते आणि फारशी हलत नाही. शीर फुगावी म्हणून दंडाला रबरी पट्टा बांधतात. हा पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त वेळ बांधून ठेवायचा नसतो. जास्त वेळ राहिला तर रक्तातलं पाणी शिरेबाहेर झिरपतं, उरलेलं रक्त दाट होतं आणि काही आकडे खोटे वाढतात. ‘मूठ घट्ट मिटा, उघडा, मिटा’ असं पुन्हा पुन्हा करवून घेणंही बरोबर नाही, त्याने पोटॅशियम वाढलेलं दिसतं. मूठ हलकेच मिटून ठेवली तरी पुरे.

मग स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसतात. ती आपोआप वाळू द्यायची असते. ओल्यावरच सुई घातली तर आग होते आणि स्पिरिट रक्तात मिसळलं तर रक्तपेशी फुटू शकतात. पुसल्यानंतर त्या जागेला पुन्हा बोट लावायचं नाही. सुई आणि सिरिंज नवीन, सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली असली पाहिजे. ‘जरा समोर पाकीट फोडा’ असं म्हणण्यात बेअदबी काही नाही.

सुई निघाल्यावर कापूस दाबून धरायचा आणि हात सरळ ठेवायचा. आपल्याकडे सर्रास कोपरातून हात दुमडून धरतात, त्यामुळे उलट शिरेतून रक्त झिरपून निळा डाग पडतो. दोन ते पाच मिनिटं दाबा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आणखी थोडा वेळ.

काही हात टाळायचे असतात. ज्या हाताला सलाईन चालू आहे त्या हाताचं रक्त घेतलं तर सलाईनच त्यात मिसळतं, आणि ग्लुकोजचं सलाईन असेल तर साखर भलतीच वाढलेली दिसते. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला केला आहे तो हात कुणालाही टोचू देऊ नका. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं असेल तर त्या बाजूचा हातही टाळतात. या गोष्टी टेक्निशियनला माहीत असतात, पण तुमच्या अंगावरचं ऑपरेशन त्याला दिसत नाही. ते तुम्हीच सांगायचं.

चक्कर येत असेल, आधी कधी आली असेल, तर बसायच्या आधीच सांगा. झोपवून रक्त घेतात. त्यात लाजायचं काही नाही, धडधाकट तरुणही सुई बघून आडवे होतात.

‘कितना खून निकाल लिया!’

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. एका बाटलीत दोन ते पाच मिलिलिटर जातं. तीन बाटल्या भरल्या तरी चहाचे दोन-तीन चमचे. एवढ्याने कमजोरी येत नाही.

दुसरं नेहमीचं वाक्य: ‘खून काला निकला.’ शिरेतलं रक्त हृदयाकडे परत निघालेलं असतं, त्यातला प्राणवायू वापरून झालेला असतो, म्हणून ते निरोगी माणसाचंही गडदच दिसतं. रंगावरून रक्त ‘गंदं’ झालंय असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हिजामा करणारे काहीजणही असं सांगतात. हिजामा करायचा की नाही हा ज्याचा त्याचा विषय, पण कपात साचलेल्या रक्ताच्या रंगावरून साखर, किडनी किंवा लिव्हरचं काहीही कळत नाही. ते कळायला तपासणीच लागते.

बाटल्यांची रंगीत झाकणं

एकाच माणसाचं रक्त तीन-चार बाटल्यांत का भरतात? कारण प्रत्येक बाटलीत वेगळं औषध असतं आणि तपासणीप्रमाणे बाटली ठरते.

जांभळं झाकण: यात ईडीटीए नावाचं रसायन असतं, ते रक्त गोठू देत नाही. सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, तसंच तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी यात होते. रक्तगटासाठीही हीच बाटली वापरतात.

लाल किंवा पिवळं झाकण: यात रक्त गोठू देतात. अर्ध्या तासाने मशीनमध्ये गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सिरम, वेगळं करतात. किडनी, लिव्हर, थायरॉइड, कोलेस्टेरॉल यावर होतं.

राखाडी झाकण: साखरेसाठी. बाटलीत रक्त नुसतं पडून राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. ते थांबवायला यात फ्लोराइड असतं. घरी येऊन रक्त नेणारा माणूस उन्हातान्हात चार तास फिरणार असेल तर साखरेसाठी राखाडी बाटली आहे ना, हे जरूर विचारा.

निळं झाकण: रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहण्यासाठी. हृदयाची झडप बदललेल्या आणि वारफॅरिन घेणाऱ्यांना पीटी-आयएनआर करावं लागतं, ते यातच. यात रक्त नऊ भाग आणि औषध एक भाग असंच लागतं. खुणेपर्यंत भरली नाही तर निकाल चुकतो.

कोणती बाटली आधी भरायची याचाही क्रम आहे: निळी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी राखाडी. जांभळ्या बाटलीतलं ईडीटीए चुकून पिवळ्या बाटलीत गेलं तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं कमी होतं. बाटली जोरात हलवली किंवा सिरिंजमधलं रक्त जोर लावून आत ढकललं तर तांबड्या पेशी फुटतात आणि पुन्हा पोटॅशियमचाच आकडा बिघडतो. म्हणून पोटॅशियम अचानक खूप वाढलेलं आलं आणि माणूस ठणठणीत असेल, तर डॉक्टर पुष्कळदा नवा नमुना मागवतात. ते पैसे उकळणं नव्हे.

नाव, आणि नाव, आणि नाव

आपल्या समाजात नावांचं एक वेगळं दुखणं आहे. एका मोहल्ल्यात एकाच नावाच्या चार-पाच फातिमा शेख सापडतात. मोहम्मद, अब्दुल यांची तर गणतीच नाही. आधार कार्डावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, घरी हाक मारायचं तिसरं. कुठे ‘शेख’ आधी, कुठे शेवटी. ‘बी’ कधी लागतं, कधी गळतं. लॅबच्या संगणकाला यातलं काही समजत नाही.

म्हणून हे चार नियम पाळा. एक, दर वेळी पूर्ण नाव एकाच पद्धतीने लिहा, आधारवर आहे तसं, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. दोन, वय आणि मोबाइल नंबर सांगाच. तीन, टेक्निशियनने ‘तुम्हीच सलमा ना?’ विचारलं की आपण गडबडीत ‘हो’ म्हणतो. तसं करू नका. पूर्ण नाव आपल्या तोंडाने सांगा. चार, बाटलीवरची चिठ्ठी रक्त भरल्यावर लगेच, तुमच्यासमोर, तुम्ही उठायच्या आत लागली पाहिजे. दहा माणसांचं रक्त घेऊन मग एकत्र चिठ्ठ्या लावणं, इथेच अदलाबदल होते.

नाव चुकल्याने क्रिएटिनिन चुकलं तर पुन्हा तपासता येतं. रक्तगट चुकला आणि भलत्या गटाचं रक्त चढलं तर जीव जातो.

जायच्या आधीची तयारी

उपाशीपोटी म्हणजे आठ ते बारा तास काही न खाता. साधं पाणी चालतं, उलट प्यावं, शीर लवकर सापडते. चहा मात्र चालत नाही, बिनसाखरेचाही. पान, तंबाखू, गुटखाही नको. जेवणानंतरची साखर पाहायची असेल तर दोन तास जेवायला बसल्यापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

थायरॉइडची गोळी रोज सकाळी घेत असाल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्या. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊन लॅबच्या रांगेत उभे राहू नका, साखर उतरून तिथेच कोसळाल. याबाबत डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. या गोळ्या हल्ली मुली स्वतःच आणून खातात आणि घरात कुणाला माहीतही नसतं.

सीबीसी, किडनी किंवा थायरॉइडसाठी सहसा उपाशी राहावं लागत नाही. लहान मुलाला किंवा गरोदर बाईला उगाच उपाशी ठेवण्याआधी विचारून घ्या.

रोजा, वुजू आणि पर्दा

रमजानमध्ये हा प्रश्न दरवर्षी येतो. तपासणीपुरतं रक्त दिल्याने रोजा तुटत नाही, हे बहुसंख्य उलमांचं मत आहे. इतकं रक्त द्यावं की अशक्तपणा येऊन रोजा पुरा करता येणार नाही, ते मकरूह मानलं जातं. हंबली फिक्हमध्ये हिजाम्याबाबत मत वेगळं आहे, म्हणून काही ठिकाणी वेगळं ऐकायला मिळतं. शंका असेल तर आपल्या मसलकच्या आलिमांना विचारा, पण डॉक्टरांनी तातडीने सांगितलेली तपासणी ईदनंतर ढकलू नका.

वुजूचं मात्र दोन्हीकडे वेगळं आहे. हनफी फिक्हप्रमाणे वाहण्याइतकं रक्त निघालं तर वुजू जातो, सिरिंजने काढलं तरी. शाफई फिक्हप्रमाणे जात नाही. म्हणून कोकणातले आपले बहुतेक लोक, जे शाफई आहेत, रक्त देऊन थेट नमाजला उभे राहतात, आणि मराठवाड्याकडचे हनफी पुन्हा वुजू करतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

मधुमेह असलेल्याने रोजात बोटाला टोचून साखर पाहिली तर रोजा तुटत नाही. ती पाहिलीच पाहिजे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हा डॉक्टरांचा स्पष्ट सल्ला आहे. घाम फुटतोय, हात थरथरतायत, डोळ्यांपुढे अंधार येतोय, आणि ‘मगरिबला एकच तास उरलाय’ म्हणून बसून राहणं जिवावर बेततं. शरीअतने आजाऱ्याला सूट दिलेली आहे, कजा नंतर करता येते.

रमजानमध्ये लॅबला जाताना सहरी किती वाजता केली ते सांगा. त्यावर उपाशीपणाचे तास मोजता येतात. दिवसभर पाणी न प्यायल्याने काही आकडे किंचित वर दिसू शकतात, तेही डॉक्टरांच्या ध्यानात राहतं.

पर्द्याबद्दल: रक्त द्यायला कोपरापर्यंतची बाही वर करावी लागते, बाकी काही नाही. बाई टेक्निशियन आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नसेल तर सोबत घरचं माणूस बसू द्या म्हणा. त्या दिवशी बुरख्याखाली सैल बाहीचा कुर्ता घाला. घट्ट बाही ओढून वर गुंडाळली की तीच दुसऱ्या पट्ट्यासारखी दंड आवळते.

आपल्या घरांत नेहमी लागणाऱ्या तपासण्या

हिमोग्लोबिन. बायकांमध्ये १२ च्या खाली आणि गरोदरपणात ११ च्या खाली आलं तर अ‍ॅनिमिया म्हणतात. पुरुषांमध्ये १३ च्या खाली. आपल्या घरांत अम्मी, खाला, भाभी सगळ्यांना वाढून शेवटी जेवतात, आणि ‘थकवा तर सगळ्यांनाच असतो’ म्हणून वर्षानुवर्षं आठ-नऊ हिमोग्लोबिनवर संसार ओढतात. वर्गात पेंगणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं तर पुष्कळदा कारण तिथेच सापडतं. गरोदर बायकांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी असते. तिथे जरूर जा.

साखर. उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. त्रास काही नसेल तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, पुन्हा तपासून खात्री करतात. आणि एक लक्षात ठेवा: अ‍ॅनिमिया किंवा थॅलेसेमिया असेल तर एचबीएवनसी फसवू शकते.

ताप. पावसाळ्यात घरोघरी ‘विडाल पॉझिटिव्ह, टायफॉइड आहे’ ऐकू येतं. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवणं भरवशाचं नाही, जुन्या संसर्गानेही ती पॉझिटिव्ह येते. खात्रीची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, आणि ते अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घ्यायला हवं. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन, त्यानंतर आयजीएम. प्लेटलेट्स अचानक फार कमी दाखवल्या तर स्लाइडवर मोजून खात्री करायला सांगा. काही माणसांच्या प्लेटलेट्स जांभळ्या बाटलीतल्या ईडीटीएमुळे एकमेकींना चिकटतात, आणि मशीन तो गठ्ठा मोजतच नाही.

निकाहाआधी एक तपासणी

जहेज, मेहर, हॉल, दावत, सगळ्यावर आठ-आठ दिवस बसून बोलणी होतात. मुला-मुलीच्या रक्ताबद्दल कुणी बोलत नाही.

थॅलेसेमिया मायनर असलेला माणूस निरोगी दिसतो, निरोगी जगतो. फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी असतं. पण नवरा आणि बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, जन्मभर. वर शरीरात साचणारं लोह काढायची औषधं वेगळी. अशा घरांतल्या आई-बाबांचं अर्धं आयुष्य ब्लड बँकेच्या बाकावर जातं.

हा आजार कुठल्या एका धर्माचा किंवा जमातीचा नाही. पण चुलत, मामे, मावस भावंडांत निकाह होतात तिथे दोघांनाही तोच जनुक एकाच दादा-नानाकडून आलेला असण्याची शक्यता वाढते. असा निकाह जायज आहे, त्याला नावं ठेवायचा हेतू नाही. तपासून करा, एवढंच म्हणणं. सीबीसीमध्ये पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही कमी आला तर पुढे एचबीए-टू ही तपासणी करतात. ती ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा थॅलेसेमिया मायनर. लोह कमी असेल तर हा आकडा दबून येऊ शकतो, म्हणून रिपोर्ट डॉक्टरांकडूनच समजून घ्या. विदर्भात सिकलसेलचीही तपासणी याच बरोबर करावी.

इराणमध्ये लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी १९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली होते, सौदी अरेबियात २००४ पासून सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे. मग आपल्याकडे मंगनीच्या आधी हे विचारायला लाज कसली? मायनर निघालं म्हणून मुलगी ‘खराब’ ठरत नाही आणि मुलगाही नाही. दोघांतला एक मायनर आणि दुसरा नसेल तर मुलांना मेजर होत नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे रिश्ता येण्याच्या आधीच, शाळा-कॉलेजच्या वयात, प्रत्येकाने आपलं माहीत करून ठेवावं. एकदा केली की ही तपासणी जन्मभर पुरते. लग्न झालेलं असेल आणि दोघं मायनर निघाले तर गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला डॉक्टरांना सांगा, पोटातल्या बाळाची तपासणी तिसऱ्या महिन्यातच करता येते.

रक्तगटाची गोष्ट

ए, बी, ओ हे रक्तगट कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये जगापुढे मांडले. त्याआधी रक्त चढवणं म्हणजे जुगार होता. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी दुर्मीळ गट शोधला, तो जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत हा गट ‘ओ’ दिसतो, पण या माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही. म्हणूनच कार्डावर गट लिहिलेला असला तरी रक्त चढवण्याआधी रुग्णाचा नवा नमुना घेऊन दात्याच्या रक्ताशी जुळवून पाहतात. ‘आमचा ग्रुप आम्हाला माहीत आहे, वेळ कशाला घालवता’ असं म्हणून ब्लड बँकेत वाद घालू नका.

आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. म्हणून सुनेचा गट पहिल्याच तपासणीत कळला पाहिजे.

रिपोर्ट कसा वाचायचा

सर्वांत आधी वरचा भाग: नाव, वय, स्त्री की पुरुष, तारीख, रक्त घेतल्याची वेळ. आम्ही हे त्या दिवशी शिकलो. मग आकडा, आणि शेजारी सर्वसाधारण मर्यादा. ही मर्यादा साधारणपणे शंभर निरोगी माणसांतल्या ९५ जणांचे आकडे ज्यात बसतात अशी ठरवलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा ठळक अक्षरांत येऊ शकतो. वीस-पंचवीस आकड्यांच्या रिपोर्टमध्ये एक किंचित बाहेर गेला म्हणून रात्रभर मोबाइलवर शोधत बसू नका. तसंच सगळे आकडे मर्यादेत आहेत पण त्रास चालूच आहे, तर ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून गप्पही बसू नका.

जुने रिपोर्ट फेकू नका, एका फाइलमध्ये तारखेने लावा. एका आकड्यापेक्षा तो दोन वर्षांत कसा सरकला हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं. लॅब निवडताना एनएबीएल मान्यता आहे का ते पाहा, आणि रिपोर्टवर डॉक्टरांची सही आहे का तेही. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो, हे २०१७ च्या कायद्यातच आहे.

सुईच्या पलीकडचा माणूस

रक्त घेणाराही धोका पत्करून काम करतो. वापरलेली सुई चुकून त्याच्या बोटाला लागली तर कावीळ बी, कावीळ सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून सुईला टोपण परत लावायचं नसतं. ती थेट पांढऱ्या, टोचून फुटणार नाही अशा डब्यात टाकायची. रक्त घेताना अचानक हात झटकू नका आणि लहान मुलाला घट्ट धरा, ते जेवढं मुलासाठी तेवढंच त्याच्यासाठीही. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनीही सुया कचऱ्याच्या पिशवीत टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात द्या. कचरा उचलणाऱ्या बाईचा हात त्याच पिशवीत जातो.

बारावी सायन्सनंतर ‘टीचर, पुढे काय?’ विचारणाऱ्या मुलींना मी लॅब टेक्नॉलॉजीचंही नाव सांगते. डीएमएलटी किंवा पदवी, दोन्ही वाटा आहेत. कॉलेज मान्यताप्राप्त आहे का ते आधी तपासा, सहा महिन्यांच्या कागदी सर्टिफिकेटला भुलू नका. आपल्या वस्तीत बाई टेक्निशियन हवी असं आपण म्हणतो, तर ती आपल्याच घरांतून घडली पाहिजे.

त्या दुसऱ्या बाईचा विचार अजूनही मनात येतो. आमच्या हातात तिचा आजार होता आणि तिच्या हातात आमची तंदुरुस्ती. पुढच्या वेळी खुर्चीवर बसाल तेव्हा पूर्ण नाव स्वतः सांगा, चिठ्ठी लागताना पाहा, आणि मगच उठा. दोन मिनिटं जास्त लागतील. मागच्या रांगेतल्या माणसालाही ती आपल्यासाठीच लागतायत हे सांगा.